संगणकाची पुली बदलण्यापूर्वी

देवरूखच्या बाजारपेठेत लग्नपत्रिका छापणारे, फ्लेक्सचे डिझाईन करणारे, फोटो स्टुडिओ चालवणारे आणि साधे किराणा-हार्डवेअरवाले बंधूसुद्धा आता संगणकावाचून दुकान चालवू शकत नाहीत. बिले, जीएसटी, टॅली, गिऱ्हाईकांचे फोटो, सारे त्या एका डब्यात. हा डबा बहुतेक ठिकाणी जुना असतो. कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, कुणी कोल्हापुरातून कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले सेकंडहँड डेस्कटॉप आणतात. किमतीच्या मानाने ती यंत्रे चांगलीच असतात. पण लग्नसराई आली, एकाच दिवशी चार पत्रिका आणि दोन अल्बम अंगावर पडले, की संगणक रेंगाळू लागतो आणि दुकानदाराचा जीव वर-खाली होतो.

अशा वेळी घरातलाच एखादा हुशार भाचा म्हणतो, "मामू, नवीन कशाला घेताय? याचाच स्पीड वाढवून देतो. खर्च काही नाही." तो खोटे बोलत नसतो. प्रोसेसरचा वेग कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा वाढवता येतो, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि जगभरचे हौशी लोक ते करतात. प्रश्न एवढाच की ज्या यंत्रावर आपली रोजीरोटी आहे आणि जे या कामासाठी बनवलेलेच नाही, त्यावर हे करावे का. आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. करू नये. का, ते मात्र समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातून आपला संगणक नेमका कुठे अडतो आहे हेही कळते.

गिरणीचे उदाहरण घेऊ. पिठाच्या गिरणीत मोटर एका ठरलेल्या वेगाने फिरते. मोटरच्या पुलीवरून पट्टा जातो आणि जात्याचा दगड फिरतो. मोटरवरची पुली मोठी बसवली की दगड जास्त वेगाने फिरतो आणि तासाला दळण वाढते. पण दगड तापतो, पीठ गरम पडते, जळका वास येतो, बेअरिंग कुरकुरते, पट्टा लवकर तुटतो. संगणकातही अगदी हीच मांडणी आहे. मदरबोर्डवर एक मूळ ठोका असतो, अलीकडच्या यंत्रांत बहुधा १०० मेगाहर्ट्झचा. ही झाली मोटर. प्रोसेसर त्या ठोक्याला एका आकड्याने गुणतो, म्हणजे ही पुली. १०० गुणिले ३२ म्हणजे ३.२ गिगाहर्ट्झ, सेकंदाला ३२० कोटी ठोके. वेग वाढवायचा तर गुणाकाराचा आकडा वाढवा, नाहीतर मूळ ठोका वाढवा. तिसरा रस्ता नाही. (आपल्याकडे सगळ्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणण्याची पद्धत पडली आहे. या लेखात प्रोसेसर म्हणजे पंख्याखाली बसणारी ती चौकोनी चिपच समजावी.)

हे पूर्वी खरोखर फायद्याचे होते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आणला. ६६ चा ठोका, साडेचारची पुली, वेग ३०० मेगाहर्ट्झ. चांगल्या मदरबोर्डवर ठोका ६६ ऐवजी १०० केला की तोच प्रोसेसर ४५० वर पळायचा. त्याच सुमारास ४५० चा पेंटियम टू कितीतरी महाग होता. सगळेच नग असे पळत नसत, पण पुष्कळ पळत. कारण असे की कारखान्यात चिपा एकाच साच्यातून निघतात, तपासणीनंतर त्यांच्यावर वेगाचा शिक्का बसतो, आणि बाजारात स्वस्त मालाला मागणी जास्त असली की चांगल्या चिपेवरही कमी वेगाचा शिक्का मारला जातो. भाच्याने ऐकलेल्या गोष्टींचे मूळ इथे आहे.

याच गोष्टीची दुसरी बाजू व्यापाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावी. नव्वदच्या दशकात जगभरच्या बाजारांत प्रोसेसरवरचा शिक्का खरवडून त्यावर जास्त वेगाचा शिक्का मारायचा आणि महाग भावाने विकायचा असा धंदा चालला. १३३ चा पेंटियम १६६ म्हणून जायचा. घेणाऱ्याला काही दिवस फरक कळत नसे, मग उन्हाळ्यात यंत्र हँग होऊ लागे आणि तो विंडोजला शिव्या घाली. अशा लबाडीला आळा घालण्याचे एक कारण सांगून इंटेलने १९९८ च्या सुमारास गुणाकाराचा आकडा चिपेतच कुलूपबंद करायला सुरुवात केली. म्हणजे पुली शाफ्टला वेल्ड केली. २०१०-११ पासून इंटेलने नावापुढे 'के' अक्षर असलेले प्रोसेसर वेगळे काढले. त्यांची पुली मोकळी, किंमत जास्त, आणि त्यांना लागणारा मदरबोर्डही वेगळा. एएमडीने २०१७ पासूनच्या रायझन प्रोसेसरांत पुली बहुतेक मोकळी ठेवली, पण ए३२० सारख्या स्वस्त बोर्डवर ती फिरवता येत नाही.

आता आपल्या दुकानातल्या डब्याकडे या. ऑफिसांतून निघालेला ब्रँडेड डेस्कटॉप म्हणजे बहुधा 'के' नसलेला आय-३ किंवा आय-५, साधा बोर्ड, आणि बायोसमध्ये वेगाचे एकही बटण नाही. कंपनीने ते मुद्दाम ठेवलेले नसते, कारण तिला हजारो यंत्रे पाच वर्षे तक्रारीवाचून चालवायची असतात. पुली वेल्ड केलेली म्हणून राहिला मूळ ठोका. तो एखाद्या सॉफ्टवेअरने वाढवता आला तरी अडचण अशी की अनेक यंत्रांत त्याच एका शाफ्टवर बाकीची जातीही बसवलेली आहेत. हार्ड डिस्कची जोडणी आणि ग्राफिक्स कार्डाची जोडणी त्याच ठोक्यावर चालते. २०११ नंतरच्या बऱ्याच यंत्रांत ठोका पाच-सात टक्क्यांपलीकडे नेला की डिस्क दिसेनाशी होणे, मजकूर चुकीचा लिहिला जाणे असे प्रकार सुरू होतात. पाच टक्के म्हणजे काय? ३.२ चे ३.३६. दहा मिनिटांचे काम साडेनऊ मिनिटांत. एवढ्यासाठी हिशेबाची डिस्क पणाला लावायची!

२०१५ मध्ये आलेल्या सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांत मूळ ठोका बाकीच्या भागांपासून मोकळा झाला. त्या वर्षाच्या अखेरीस एएसरॉक, सुपरमायक्रो अशा काही बोर्ड कंपन्यांनी बायोस बदलून 'के' नसलेल्या स्वस्त प्रोसेसरांचाही वेग वाढवण्याची सोय दिली. हौशी लोकांनी ईद साजरी केली म्हणा ना. पण त्यासोबत प्रोसेसरमधले ग्राफिक्स बंद पडत होते, तापमानाचे आकडे विश्वासार्ह राहत नव्हते, रिकाम्या वेळी वेग कमी करून वीज वाचवण्याची सोय जात होती. २०१६ च्या सुरुवातीला इंटेलने ही वाट बंद करायला लावली. तापमान कळेनासे झालेले यंत्र वाढीव वेगाने चालवणे म्हणजे मीटर तुटलेला बॉयलर चालवणे, हे कारागिरांना वेगळे सांगायला नको.

उष्णतेचा हिशेब

वेग वाढवल्यावर यंत्र डळमळू लागते, म्हणून हौशी माणूस प्रोसेसरला मिळणारा व्होल्टेज थोडा वाढवतो. सगळी गोम इथे आहे. प्रोसेसर जी वीज खातो ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा वेग ३.२ वरून ३.८ केला, म्हणजे १९ टक्के वाढ, आणि त्यासाठी व्होल्टेज १.१० वरून १.२५ केला. १.२५ भागिले १.१० म्हणजे १.१३६, त्याचा वर्ग १.२९. त्याला १.१९ ने गुणा. येतात १.५३. वेगात १९ टक्के मिळवण्यासाठी उष्णता ५३ टक्क्यांनी वाढली. ६५ वॉटचा प्रोसेसर १०० वॉटवर गेला. त्याच्यावरचा छोटा पंखा मात्र ६५ वॉटच्याच मापाचा.

पंखा मोठा बसवता येईल. पण प्रोसेसरच्या बाजूला मदरबोर्डवर जे छोटे काळे चौकोन असतात, जे १२ व्होल्टचे सव्वा-एक व्होल्ट करून देतात, त्यांचे काय? साध्या बोर्डवर ते मोजकेच असतात आणि त्यांच्यावर हीटसिंकही नसतो. ब्रँडेड डब्यातला एसएमपीएसही बेताचा असतो, छोट्या आकाराच्या यंत्रांत तर २०० वॉटच्या आसपास, आणि त्याचा आकार व जोडणी कंपनीची खास, म्हणजे बाजारातला दुसरा बसत नाही. जळला तर तसलाच शोधत मुंबईला निरोप धाडा.

त्यात आपला मुलूख. संगमेश्वर तालुक्यात जांभ्याची तांबडी धूळ दारातून आत येते आणि हीटसिंकच्या पट्ट्यांत घट्ट बसते. मे महिन्यात दुकानात ३४-३५ अंश असतात. प्रोसेसरचे तापमान हे खोलीच्या तापमानाच्या वर चढत जाते. एसी खोलीत बसून कुणी दाखवलेला ७५ अंशांचा आकडा आपल्या पत्र्याखालच्या दुकानात ८५-९० होतो. पुढे पावसाचे चार महिने दमट हवा, धुळीचा चिखल, कधी मुंग्या, कधी पाल. विजेचा लपंडाव आहेच. वाढीव वीज खाणारे यंत्र यूपीएसवर कमी मिनिटे टिकते, आणि टॅलीची फाइल उघडी असताना यूपीएसने मान टाकली तर काय होते ते ज्यांनी भोगले आहे त्यांना ठाऊक.

यंत्र तापून बंद पडले तर आम्ही त्याला नुकसान म्हणणार नाही. ते तर इशारा देऊन थांबले. आम्हाला भीती वाटते ती न थांबणाऱ्या यंत्राची. मर्यादेपलीकडे चालणारा प्रोसेसर दर वेळी कोसळत नाही. कधी तो कोट्यवधी ठोक्यांत एकदा चुकीचे उत्तर देतो आणि पुढे चालू लागतो. ते उत्तर पडद्यावरच्या एका ठिपक्याच्या रंगाचे असेल तर कुणाला कळत नाही. ते फाइल डिस्कवर लिहिताना झाले असेल तर तीन महिन्यांनी लग्नाचा अल्बम उघडत नाही, किंवा डेटा दुरुस्त करा असा संदेश टॅली दाखवते. तोवर आपण त्याच बिघडलेल्या फाइलचा बॅकअप चार वेळा घेऊन ठेवलेला असतो.

ही केवळ शंका नाही. मायक्रोसॉफ्टमधले रेमंड चेन यांनी २००५ साली लिहिले आहे की विंडोज कोसळल्याच्या अहवालांत काही अशक्य वाटणारे अहवाल येत होते. ज्या सूचनेत चूक होऊच शकत नाही, तिथेच यंत्र पडलेले. चौकशी केल्यावर त्यातली बरीच यंत्रे ओव्हरक्लॉक केलेली निघाली. गंमत म्हणजे काही मालकांना हा शब्दच ठाऊक नव्हता! त्यांनी छोट्या दुकानातून संगणक घेतला होता आणि दुकानदाराने न सांगता वेग वाढवून दिला होता. पुढे २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या नोंदी तपासून अभ्यास प्रसिद्ध केला. वेग वाढवलेल्या यंत्रांत प्रोसेसरच्या चुकीने कोसळण्याचे प्रमाण मूळ वेगाच्या यंत्रांपेक्षा अनेक पटींनी जास्त निघाले, आणि ज्यांचा वेग मूळ वेगापेक्षा थोडा कमी ठेवला होता ती यंत्रे उलट अधिक भरवशाची ठरली.

संगणक विकणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या बंधूंना इथे एक शब्द. धान्याच्या ढिगात वर कोरडे आणि आत ओले, हे हजरत पैगंबर (स.) यांनी बाजारात हात घालून पाहिल्याची हकीकत आपल्यात लहान मुलांनाही माहीत असते. वेग वाढवलेले यंत्र गिऱ्हाइकाला न सांगता विकणे त्याहून वेगळे नाही. सांगून विकले तर सौदा साफ आहे. मग भाव त्याने ठरवावा.

कंपन्यांनाही मर्यादा सुटत नाहीत

कुणी म्हणेल, कंपन्या मुद्दाम वेग दाबून ठेवतात. १९९८ मध्ये हे काही अंशी खरे होते. आता कंपन्या स्वतःच चिपेतला रस शेवटच्या थेंबापर्यंत पिळून विकतात. आय-५ ६५०० हा कागदावर ३.२ चा प्रोसेसर गरज पडेल तेव्हा स्वतःहून ३.६ पर्यंत जातो, त्याला टर्बो म्हणतात. म्हणजे भाचा जो वेग वाढवून देणार, त्यातला बराचसा आधीच मिळतो आहे. आणि पिळताना कंपनीचाही हात कधी जास्त पडतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही मोठ्या डेस्कटॉप प्रोसेसरांत यंत्रे कोसळण्याच्या तक्रारी वाढल्या. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने चिपा कायमच्या खराब होत होत्या. कंपनीला दुरुस्तीचा कोड द्यावा लागला आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. ज्यांनी चिप बनवली त्यांचा व्होल्टेजचा अंदाज चुकला, तर आपण दुकानाच्या काउंटरवर बसून तो बरोबर लावू असे मानणे जरा जास्तच.

तसे पाहिले तर एकाच चिपेला पळवत राहण्याचा नाद इंटेलने २००४ मध्येच सोडला. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर येणार येणार म्हणून जाहीर झाला होता, तो त्यांनी रद्द केला आणि पुढच्या वर्षी दोन कोरचे प्रोसेसर आणले. एका मजुराला दामटण्यापेक्षा दोन मजूर लावावेत, हा विचार आपल्या महाराष्ट्रात त्याआधी होऊन गेला होता. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला तो असाच, पुष्कळ छोटे प्रोसेसर एकत्र कामाला लावून.

मग दुकान अडते कुठे?

हे पाहायला पैसे लागत नाहीत. संगणक रेंगाळत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने आहेत. आठ-दहा वर्षांच्या यंत्रांत बहुतेक वेळा डिस्क शंभर टक्के आणि सीपीयू वीस-तीस टक्के दिसेल. म्हणजे प्रोसेसर हात बांधून बसला आहे आणि डिस्कची वाट पाहतो आहे. एखादी फाइल उघडायला दहा सेकंद लागत असतील आणि त्यात प्रोसेसरचे काम दोन सेकंदांचे असेल, तर वेग १९ टक्के वाढवून आपण जेमतेम एक-तृतीयांश सेकंद वाचवला.

जुनी हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ७२०० वेळा फिरणारी तबकडी. निरनिराळ्या जागचे तुकडे गोळा करताना ती सेकंदाला शंभराच्या आतबाहेर फेऱ्या मारू शकते. एसएसडीत फिरणारे काही नसते, आणि तिथे हीच संख्या हजारांत जाते. जुन्या डेस्कटॉपमध्ये २५६ जीबीची साधी साटा एसएसडी बसवून त्यावर विंडोज घातली की मालकाला वाटते यंत्रच बदलले. जुनी डिस्क काढून टाकू नये, फोटो ठेवायला राहू द्यावी. मेमरीचा रकाना ऐंशी-नव्वदवर असेल तर रॅम वाढवावी. कोरल आणि फोटोशॉप एकत्र उघडणाऱ्यांना ८ जीबी पुरत नाही, १६ लागते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले, तेव्हा चार ठिकाणी विचारूनच घ्यावी, आणि बोर्डवर डीडीआर-३ बसते की डीडीआर-४ ते आधी पाहावे.

सीपीयूचा रकानाच शंभरला टेकलेला असेल, जसे लग्नाचा व्हिडिओ मिक्स करताना होते, तर पहिली शंका धुळीवर घ्यावी. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग खाली आणतो. ३.२ चा प्रोसेसर २ वर चालत असेल तर त्याला ओव्हरक्लॉकिंग नको, ब्लोअर हवा. यंत्र बंद करून, वायर काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून हवा मारावी, नाहीतर पंखा गरगरून बिघडतो. सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी वाटाण्याएवढी लावावी. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीला एकदा एवढे केले तरी पुरे.

इतके करूनही व्हिडिओचे काम निघत नसेल तर मात्र प्रोसेसर बदलण्याची वेळ आली आहे. २०२२ चा चार कोरचा साधा आय-३ १२१०० हा २०१५ च्या आय-७ ६७०० ला सहज मागे टाकतो, तोही कारखान्याच्या वेगावर, कारखान्याच्या पंख्यावर. शिवाय विंडोज १० ची नियमित सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि त्यांचा वेग कितीही वाढवला तरी ती आठव्या पिढीची होत नाहीत. जुन्या यंत्रावर किती पैसे घालायचे हे ठरवताना ही गोष्ट हिशेबात धरावी.

ज्या मुलांना हे शिकायचेच आहे त्यांना आम्ही अडवत नाही. यंत्राच्या पोटात हात घातल्याशिवाय मेकॅनिक तयार होत नाही. पण त्यासाठी भंगारात निघालेला वेगळा डबा घ्यावा. पुली मोकळी असलेला प्रोसेसर मिळाला तर उत्तमच. एका वेळी १०० मेगाहर्ट्झच वाढवावे, दर पायरीला तापमान पाहावे, प्राइम९५ सारख्या चाचणीवर काही तास चालू ठेवावे आणि चूक दिसली की मागे यावे. बदल केल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नये. वीज काढून बोर्डवरचा नाण्यासारखा सेल दहा मिनिटे बाहेर ठेवावा. बायोस मूळ जागी येतो, फक्त तारीख-वेळ पुन्हा लावावी लागते.

आणि सेकंडहँड यंत्र घेणाऱ्यांनी दुकानातच दोन गोष्टी कराव्यात. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर प्रोसेसरचे नाव आणि मूळ वेग दिसतो, तो कंपनीने त्या नावासमोर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. मग बायोसमध्ये जाऊन 'लोड डिफॉल्ट्स' करायला सांगावे आणि यंत्र अर्धा तास कामाला जुंपून पाहावे. विकणारा त्याला तयार नसेल तर दुसरे दुकान पाहावे. तयार असेल तर प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि 'मूळ वेगावर' हे दोन शब्द बिलावर लिहून घ्यावेत.